दोन चौकटींमधली जागा

३ मार्च, सोमवार

आज जे घडलं ते क्रमाने:

१. निर्मात्याच्या ऑफिसात माझ्या पटकथेचं वाचन झालं. हजर: निर्माता, दिग्दर्शक, नायिका, मी.

२. तिसाव्या प्रसंगापर्यंत कुणी हरकत घेतली नाही. निर्माता बराच वेळ बाहेर फोनवर होता.

३. एकतिसाव्या प्रसंगाला नायिकेने हात वर करून विचारलं, "मी गेले कधी?"

४. मी म्हटलं, वरच्या ओळीत तुम्ही दारात उभ्या आहात. खालच्या ओळीत दार रिकामं आहे. म्हणजे गेलात.

५. ती म्हणाली, "ते कळलं हो. पण कशी गेले?"

६. सगळे हसले.

७. दिग्दर्शकाने सांगितलं, की एकतिसावा प्रसंग पूर्ण लिहून द्या, नाहीतर संवादवाल्यांना बोलावू.

८. चित्रीकरण चोवीस तारखेला, सोमवारी. घराचा सेट आधी उभा राहिला आहे, म्हणून सुरुवात याच प्रसंगापासून.

इथपर्यंत अहवाल. आता मत.

निर्माता पूर्वी फरशा विकायचा. त्याच्या ऑफिसातली प्रत्येक फरशी वेगळी आहे; माणूस आत आला की कॅटलॉगवर उभा राहतो. दिग्दर्शक दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून जगाकडे बघतो. आज त्याने पाण्याचा ग्लासही तसाच बघितला आणि मग प्यायला. असल्या दोघांना माझं कॉमिक आवडलं, हे खरं तर मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

'अधला मजला' माझं कॉमिक आहे. लिफ्ट दुरुस्त करणारी एक बाई, तिच्या ताब्यातली एक उंच इमारत आणि मजल्यामजल्यावरची माणसं. पाच पुस्तकं झाली. मी लिहिते, भावोजी चित्रं काढतात. चौथ्या पुस्तकात ही लिफ्टवाली नवऱ्याचं घर सोडते. वरच्या चौकटीत ती बॅग घेऊन दारात उभी, नवरा खुर्चीत. खालच्या चौकटीत नवरा खुर्चीत, दार रिकामं. मध्ये बोटभर पांढरी पट्टी. पूर्ण पानावर एक शब्द नाही. या पानाला एका समीक्षकाने 'मौनाचा महास्फोट' म्हटलं. ते कात्रण मी कुणाला दाखवत नाही.

कॉमिकमध्ये माणसं त्या पांढऱ्या पट्टीत हलतात. त्यांना वाचक हलवतो. इतकी वर्षं मी तसंच लिहिलं. दिग्दर्शक म्हणाला, "तुमच्या पटकथेत कुणी खुर्चीतून उठतच नाही. बसलेला असतो, मग एकदम उभा असतो. भुतं आहेत का ही?"

मुद्दा बरोबर आहे. सांगायची पद्धत बाजारू आहे.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर प्रसंग एकतीस. हाती लागलं ते असं: 'ती बॅग उचलते आणि जाते.'

आधीही हेच होतं, आता क्रियापद जास्त आहे.

अडचण कुठे आहे ते लिहून ठेवते, म्हणजे निदान इथे तरी स्पष्ट असेल. हा प्रसंग मी रचलेला नाही. ताईने भावोजींचं घर सोडलं तेव्हाचा आहे. भावोजींनी मला सांगितला, मी लिहिला, त्यांनी काढला. बाईचा पेशा बदलला, माझा दिला. मी लिफ्टच्या कंपनीत होते, आधी डिझाइन विभागात आणि मग तपासणीत. इमारतही बदलली. यात गैर काही नाही, लेखक हेच करतात.

पहिल्या तीन पुस्तकांतली अक्षरं ताईची आहेत. पेन्सिलची चित्रं झाली की, शाई लागायच्या आधी, फुग्यांमधले संवाद ती हाताने लिहायची, बारीक निबेने. ती गेल्यावर आम्ही कॉम्प्युटरवरचा फॉन्ट घेतला. काम लवकर होतं.

ताई माझ्याशी बोलत नाही. भांडण झालेलं नाही. ती बोलत नाही, एवढंच. मी भावोजींबरोबर काम चालू ठेवलं, कारण काम वेगळं आणि घर वेगळं. हे मी तिला तेव्हा सांगितलं होतं. ती "हो" म्हणाली होती.

६ मार्च, गुरुवार

भावोजींकडे गेले. दारावरची पाटी अजून दोघांच्या नावांची आहे, ताईच्या हातची. आत सगळं पूर्वीसारखं: खिडकीपाशी उतरतं टेबल, शाईच्या बाटल्या, बरणीतल्या पाण्यात उभे ब्रश. ताईचं टेबल भिंतीकडे सरकवलंय आणि त्यावर जुन्या कागदांचे गठ्ठे आहेत.

"भावोजी, घर सोडण्याच्या प्रसंगाचं विचारायचं होतं."

"विचार की. पण आधी सांग, नवऱ्याचं काम कोण करतंय?"

"ठरलं नाही अजून."

"टकला नको हं. पुस्तकात मी त्याला केस दिलेत. ते बघून निवडा म्हणावं."

"ती निघाली तेव्हा नेमकं काय म्हणाली?"

"कितीदा सांगू? काही नाही. बॅग उचलली आणि चालती झाली. एवढा संसार, आणि जाताना एक शब्द नाही. तूच लिहिलंस ना, मौन वगैरे."

"ते समीक्षकाने लिहिलं."

"तेच ते."

मग त्यांचे डोळे भरून आले. भावोजींचे डोळे लवकर भरतात आणि लवकर सुकतात. दोन मिनिटांत ते मला सहाव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे रंग दाखवत होते. केशरी जरा जास्त झाला आहे. तसं सांगितलं.

निघताना म्हणाले, "तू आहेस म्हणून हे घर चाललंय बघ. तुझी बहीण असती तर अजून पानापानावर अडून बसली असती."

"कशावर?"

"अगं, कशावर नाही ते विचार."

मी विचारलं नाही. बस चुकली असती.

९ मार्च, रविवार

आईचा फोन. म्हणजे मीच केला.

"आज कसा काय? कुणी गेलं का?"

"कुणी गेलं नाही. आई, ताई तुझ्याशी बोलते?"

"दर रविवारी. तू महिन्यातून एकदा, तेही काम असलं तर. बोल, काम काय आहे?"

"ती घर सोडून गेली त्या दिवशी काय झालं होतं?"

"मला काय विचारतेस? तिला विचार. फोन आहे ना तुझ्याकडे, का तोही सिनेमावाल्यांनी काढून घेतला?"

"ती उचलणार नाही."

"करून बघितलास?"

प्रश्न मुद्द्याला धरून नव्हता, म्हणून मी पुढे गेले. ताई काय करते ते विचारलं. आई म्हणाली, दुकानांच्या पाट्या रंगवते. शिडीवर चढून. लोक मुद्दाम तिच्याकडे येतात, कारण ती दुकानदाराने सांगितलेल्या मजकुरातला निम्मा काढून टाकते आणि पाटी लांबून वाचता येते.

"तुझं ते चौथं पुस्तक वाचलं हं तिने. मीच दिलं होतं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, चित्रं चांगली आहेत, अक्षरं वाईट आहेत."

ताईचं बरोबर आहे. त्या फॉन्टमध्ये मात्रा वरच्या ओळीला चिकटतात. पुढच्या आवृत्तीत ओळींमधलं अंतर वाढवायला हवं.

फोन ठेवताना आई म्हणाली, "लिफ्टच बऱ्या होत्या गं. वर तरी जायच्या."

१० मार्च, सोमवार

संवादवाले आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं आणि माझी मुदतही संपलेली नाही, पण निर्माता म्हणाला, "नुसते बसतील." ते बसले आणि बोलायला लागले.

गृहस्थ जाड आहेत, सुवासिक आहेत आणि स्वतःच्या वाक्यांना स्वतःच मान डोलावतात. पंचवीस चित्रपटांत बायकांना रडवलं आहे, असं स्वतःच सांगतात. त्यांनी प्रसंग एकतीस तिथल्या तिथे बोलून दाखवला. त्यात लिफ्टवाली दारात थांबते आणि दीड पान बोलते. त्यातलं एक वाक्य मी उतरवून घेतलं: "आयुष्यभर मी लोकांना वर नेलं, पण खाली मला कुणी विचारलं नाही!"

निर्माता "वा!" म्हणाला.

मी विचारलं, "याचा अर्थ काय?"

"ताई, टाळी आधी येते. अर्थ घरी जाताना येतो."

"मला ताई म्हणू नका."

"बरं, मॅडम. मग ती लिफ्टमध्ये शिरते, नवरा धावत येतो, आणि तेवढ्यात…" त्यांनी हात खाली आपटला. "तार तुटते! लिफ्ट थेट खाली!"

मी सांगितलं, की लिफ्टला एक तार नसते. चार-सहा असतात आणि प्रत्येक तार एकटी सगळा भार पेलू शकते. सगळ्या तुटल्या तरी वेग वाढल्याबरोबर गव्हर्नर नावाचं यंत्र अडकतं आणि लिफ्टचे जबडे दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट पकडतात. लिफ्ट जागच्या जागी थांबते.

"पण पडली तर?" दिग्दर्शकाने विचारलं.

"पडत नाही."

"समजा."

"समजलं तरी पडत नाही."

"प्रेक्षकाला पडायला हवी आहे," संवादवाले म्हणाले आणि मान डोलावली.

मी लिफ्ट तपासायचे तेव्हा इमारतींमधली माणसंही लिफ्टच्या बाबतीत काहीही बोलायची. पण निदान त्या माणसांना त्याचे पैसे मिळत नसत.

१२ मार्च, बुधवार

दिग्दर्शकाने एकटीला बोलावलं. पुढ्यात माझी पाचही पुस्तकं, रंगीत चिठ्ठ्या लावलेली.

म्हणाला, "राग मानू नका. पहिल्या तीन पुस्तकांतली बाई मला हवी आहे. ती गप्प असते. चौथ्यापासून बडबड करायला लागलीय. सत्तेचाळीस नंबरचं ते रिकाम्या दाराचं पान सोडून."

"चौथ्यापासून माझी भाषा जास्त परिपक्व आहे."

"असेल. पण ती माझ्या कानाशी भुणभुण करते हो."

लोकांना कमी शब्द आवडतात, कारण कमी वाचावं लागतं. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने दुसरं पुस्तक उघडलं. बायको गेलेला एक म्हातारा लिफ्टमध्ये अडकतो आणि रडायला लागतो. लिफ्टवाली वरून लिफ्ट चालू करते, दार उघडते आणि म्हणते, "तुमचा मजला आला."

"एवढंच!" दिग्दर्शक म्हणाला. बोटांची चौकट केली नाही. "दुसऱ्या कुणी इथे प्रवचन दिलं असतं. हे वाक्य वाचलं त्या दिवशी मी निर्मात्याला फोन केला. या चार शब्दांवर हा सिनेमा उभा आहे."

शब्द तीन आहेत. दुरुस्त केलं.

घरी येऊन माझी मूळ संहिता काढली. तिथे त्या फुग्यात सहा ओळी आहेत. दुःख हे लिफ्टसारखं असतं, अडकलं तरी कधीतरी हलतं वगैरे. शेवटी 'तुमचा मजला आला'. वरच्या ओळी छपाईत गळल्या असाव्यात. योगायोगाने बरं झालं.

१४ मार्च, शुक्रवार

नायिका घरी आली. म्हणाली, प्रसंग सुचत नसेल तर करून बघू. नट्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ही बाई आल्या आल्या माझ्या खुर्च्या सरकवायला लागली तेव्हा ते आणखी खाली गेलं.

चौथं पुस्तक टेबलावर उघडं ठेवून ती पानाकडे बघत बसली. मग म्हणाली, "हा का उठत नाही?"

"कोण?"

"नवरा. बायको बॅग घेऊन दारात उभी आहे. माणूस निदान मान तरी वर करतो. याच्या हातात काय आहे?"

मी बघितलं. ब्रश आहे. भावोजींनी स्वतःच काढला आहे तो.

"म्हणजे हा काम करतोय? बायको चाललीय आणि हा चित्र रंगवतोय?"

"तो तसा तपशील आहे. वातावरणासाठी."

"काय वातावरण आहे! बसा बघू तुम्ही इथे." तिने मला खुर्चीत बसवलं, पुढे कागद ठेवला, हातात पेन दिलं. "पट्टी न घेता सरळ रेघ काढायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात न उचलता. तुम्ही इंजिनिअर ना? मग वाकडी चालणार नाही."

मी काढायला लागले. हाताने सरळ रेघ काढणं जमतं मला, फक्त श्वास धरावा लागतो आणि डोळा पेनाच्या पुढे ठेवावा लागतो. रेघ चांगली आली. मान वर केली तर दार उघडं होतं आणि ती बाहेर जिन्यात उभी होती.

"कशी वाटले?" तिने विचारलं.

"कधी गेलात?"

"आत्ता. बोलून गेले की."

"काय बोललात?"

तिने आत येऊन दार लावलं. "तुमच्याबद्दलच बोलले. बरंच. दोनदा हाक पण मारली."

मी विचारलं, काय बोललात ते सांगा. म्हणाली, "आता नाही. एकदाच बोलायचं होतं ते."

रेघ अजून टेबलावर आहे. सरळ आहे.

१६ मार्च, रविवार

पुन्हा भावोजींकडे. दाराशी उभी राहूनच विचारलं.

"ताई निघाली तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"पुन्हा तेच? काम करत होतो. तुझीच पानं होती, तिसऱ्या पुस्तकाची शेवटची. प्रकाशकाने डोकं खाल्लं होतं. आठव, तूच सकाळपासून तीनदा फोन केलास."

आठवलं. केले होते.

"शाई लावत होतात?"

"शाईच. जिन्याचा कठडा होता, लांबच लांब. तो एका दमात ओढावा लागतो."

"मग ती काही बोलली नाही हे तुम्हाला कसं माहीत?"

भावोजींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू बिचारीला एवढंही कळत नाही. "अगं, बोलली असेल काहीतरी. ती बोलायचीच. शाई लावताना मी ऐकत नाही, तुला माहीत नाही का? आवाज येत होता, एवढं आठवतं. मान वर केली तेव्हा दार उघडं होतं."

"तुम्ही मला सांगितलंत, एक शब्द बोलली नाही."

"माझ्यापर्यंत नाही आला ना? मग माझ्यासाठी नाहीच बोलली. आणि पान कसलं जमलं! खरं सांग, ती बोलली असती तर जमलं असतं का?"

"ती बोलली होती."

"तेच म्हणतोय मी. पुस्तकात बोलली असती तर."

टेबलावर सहाव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं. केशरी त्यांनी कमी केला नव्हता. मी म्हटलं, सहाव्याचं सध्या थांबवू. ते म्हणाले, "तुझ्या बहिणीसारखी अडून बसायला लागलीस." मी बाहेर पडले. पाटीवर ताईचं नाव आधी आहे आणि त्यांचं नंतर. इतक्या वेळा त्या दारातून गेले, हे आज बघितलं.

१७ मार्च, सोमवार

संवादवाल्यांनी प्रसंग एकतीस लिहून आणला. टंकून, दोन प्रतींत, वर स्वतःचं नाव. दीड पानाचं भाषण आहेच. शिवाय खाली एक माणूस गाडीत वाट बघत बसलेला आहे. लिफ्टवाली त्याच्यासाठी घर सोडते, लिफ्ट पडते, तिला पश्चात्ताप होतो आणि ती हॉस्पिटलात नवऱ्याचा हात धरते.

मी म्हटलं, "गाडीत कुणी नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत?" दिग्दर्शकाने विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

"नव्हतं."

"मग का गेली ती? प्रेक्षकाला कारण लागतं. तुम्ही कारण द्या, मी हे कागद फाडतो. माझ्या हाताने."

संवादवाले म्हणाले, "फाडा की, माझ्याकडे अजून एक प्रत आहे."

निर्मात्याने करार काढून दाखवला. गोष्टीचे हक्क त्यांच्याकडे आहेत. मी माझं नाव काढून घेऊ शकते, प्रसंग थांबवू शकत नाही. करारावर सही करताना मी प्रत्येक कलम वाचलं होतं आणि मुद्रणाच्या दोन चुकाही दाखवल्या होत्या. शनिवारी सकाळी माझी पानं आली तर माझी घेतील, नाहीतर यांची. ठरलं.

म्हणजे ताईला ओळखणारे सगळे, आई, शेजारी, पाट्या रंगवून घेणारे दुकानदार, थिएटरात बसून बघतील की ती गाडीतल्या माणसासाठी पळाली. पुस्तकातली ती बाई कोण आहे हे त्यांना ठाऊक आहे. मी बदललेल्या पेशाने कुणीही फसलेलं नाही. आई तर पुस्तक आलं त्याच दिवशी म्हणाली होती, "हिची बॅगसुद्धा तीच आहे गं."

घरी येऊन पहिल्या तीन पुस्तकांच्या माझ्या संहिता छापील पानांशेजारी ठेवल्या. बुधवारी एकच फुगा बघितला होता, आज सगळे बघितले. ओळी सगळीकडे गळल्या आहेत. कुठे चार, कुठे आख्खा फुगा. जिथे माझं वाक्य चांगलं आहे तिथे एकही गळलेली नाही. छपाईच्या यंत्राची चूक अशी निवड करत नाही.

तिन्ही पुस्तकांची छापील पानं मी नीट वाचली नव्हती. माझं लिहिलेलं मला पाठ आहे, असं मी धरून चालले होते.

भावोजी म्हणाले ते पानापानावर अडून बसणं, ते हे असावं.

१८ मार्च, मंगळवार

संवादवाल्यांची नक्कल करून बघितली. मग दिग्दर्शकाला आवडतं तसं कमी शब्दांत लिहून बघितलं. दारात उभ्या बाईला मी काहीही बोलायला लावलं तरी आवाज माझाच येतो. मौनही आता चालत नाही, कारण ते भावोजींचं आहे.

आईकडून नंबर घेतला. आई म्हणाली, "नंबर तोच आहे. कधीच बदलला नव्हता." फोन केला नाही. लिहून पाठवलं. त्याची नक्कल इथे ठेवते:

ताई,

आपल्या कॉमिकवर मी सिनेमा लिहिते आहे. त्यात तू घर सोडलंस तो प्रसंग आहे. पुस्तकात तू एकही शब्द न बोलता जातेस. ते मी भावोजींच्या सांगण्यावरून लिहिलं. तुला विचारलं नाही. भावोजी त्या वेळी माझ्या पानांना शाई लावत होते आणि त्यांनी ऐकलं नाही, हे मला परवा कळलं. तू बोलली होतीस, असं मी धरते.

सोमवारी चित्रीकरण आहे. माझ्याकडून काही गेलं नाही तर दुसऱ्या एकाने लिहिलेलं वापरतील. त्यात खाली गाडीत एक माणूस आहे आणि तू त्याच्यासाठी जातेस. लिफ्टही पडते. यातलं काहीच खरं नाही हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, पण मला ते सांगून पटवता आलं नाही.

दारात उभी राहून तू काय म्हणालीस, ते मला हवं आहे. सिनेमासाठी हवं आहे. सिनेमा नसता तरी हवं असतं, पण तेव्हा मी विचारलं नसतं. सांगायचं नसेल तर तसं कळव. मग मी माझं नाव काढून घेईन. त्यांचा प्रसंग मात्र मला थांबवता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

'तुमचा मजला आला' हे वाक्य लोकांना फार आवडतं. वरच्या ओळी तू काढल्यास, हे मी काल बघितलं. चौथ्या पुस्तकाची अक्षरं वाईट आहेत, हे तुझं म्हणणं आईने सांगितलं होतं. मी ओळींमधलं अंतर मोजत बसले होते.

जेवढं आठवेल तेवढं लिही. कितीही लांबलं तरी मी त्यातलं काही कापणार नाही. कापायचं असेल तर तू काप.

शनिवारी सकाळी मला पानं द्यायची आहेत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दे.